प्रिटेंडर आणि तोतया

आज एका इंग्रजी क्रियापदाविषयीं आपल्याशीं थोडें बोलावयाचें आहे. तें क्रियापद म्हणजे ‘प्रिटेंड’. इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाला तें पहिल्या दोनतीन वर्षांतच भेटतें, आणि त्याचा अर्थ कोणालाहि विचारला तर ‘सोंग करणें, ढोंग करणें’ असें उत्तर तत्काळ मिळतें. मीहि वर्गांत जन्मभर हेंच उत्तर देत आलों. मी कांहीं भाषापंडित नव्हे. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपाशीं थांबलें, आणि पुढील आयुष्य मुलांना इंग्रजी व इतिहास शिकविण्यांत गेलें. परंतु या एका शब्दापायीं माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला, आणि तो अन्याय होता हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. तेव्हांपासून मी या शब्दाच्या मागें लागलों. त्या शोधांत जें हातीं आलें तें आज सांगतों.

गोष्ट अशी झाली. वरच्या वर्गाला मीं इंग्लंडच्या इतिहासांतील एक लहानसा उतारा भाषांतरासाठीं दिला होता. त्यांत दुसऱ्या जेम्स राजाच्या मुलाचा उल्लेख होता, आणि त्या मुलाला इंग्रजी इतिहासांत जें नांव पडलें आहे, ‘ओल्ड प्रिटेंडर’, तेंहि त्यांत आलें होतें. बऱ्याच मुलांनीं ‘म्हातारा ढोंगी’ असें भाषांतर केलें. कांहींनीं ‘तोतया’ हा शब्द योजला; त्यांना मीं पूर्ण गुण दिले. एकानें मात्र ‘गादीवर हक्क सांगणारा’ असें लिहिलें होतें. मीं त्यावर तांबडी रेघ ओढली, वर ‘तोतया’ असें लिहिलें आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, तोतया म्हणजे दुसऱ्याचें नांव घेऊन आलेला खोटा मनुष्य ना? पण हा तर राजाचाच मुलगा, असें उताऱ्याच्या पहिल्याच ओळींत आहे. मग तो तोतया कसा?” प्रश्न सरळ होता. मला त्याचें उत्तर येत नव्हतें; आणि उत्तर न येणाऱ्या शिक्षकाजवळ जें एक उत्तर नेहमीं तयार असतें तेंच मीं दिलें. “शब्दकोशांत अर्थ पाहा आणि खालीं बैस.” तो बसला. अर्धा गुण कांहीं मीं परत दिला नाहीं.

आतां शब्दाच्या कुळाकडे वळूं. ‘प्रिटेंड’ हें क्रियापद मूळचें लॅटिन. त्याचे दोन अवयव आहेत. पहिल्याचा अर्थ ‘पुढें’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘ताणणें, पसरणें’. याच दुसऱ्या अवयवापासून इंग्रजींतील ‘टेंट’ म्हणजे ताणून उभारलेला तंबू, ‘टेन्शन’ म्हणजे ताण आणि ‘एक्स्टेंड’ म्हणजे विस्तार करणें हे शब्द झाले आहेत. संस्कृतांतील ‘तन्’ धातु त्याच गोत्रांतला. त्यापासून तंतु आला आणि आपलें मराठी ‘ताणणें’हि आलें. म्हणजे ‘प्रिटेंड’चा अक्षरशः अर्थ ‘पुढें ताणून धरणें, समोर पसरणें’ एवढाच. त्यांत खरेंखोटें कांहीं नाहीं.

परंतु मनुष्य समोर जें धरतो तें दोन प्रकारचें असूं शकतें. एखादा आपली सनद पुढें धरतो आणि म्हणतो, हा पाहा माझा हक्क. दुसरा पडदा पुढें धरतो, कारण पडद्यामागें कांहीं लपवावयाचें असतें. एकाच क्रियेपासून ‘दावा करणें’ आणि ‘ढोंग करणें’ असे दोन अर्थ निघाले ते असे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजींत आला, आणि इंग्रजींत हे दोन्ही अर्थ कित्येक शतकें एकाच घरांत दोन भावांसारखे राहिले. फ्रेंच भाषेंत त्याच शब्दाचा मुख्य अर्थ आजहि ‘दावा करणें, ठासून म्हणणें’ असाच आहे. म्हणून फ्रेंच शिकणारा इंग्रज विद्यार्थी या ठिकाणीं हटकून चुकतो. इंग्रजींत मात्र धाकट्या भावानें हळूहळू सगळें घर व्यापलें. थोरला आतां एखाद्या कोपऱ्यांत दिसतो. “आय डू नॉट प्रिटेंड टु बी अ स्कॉलर” असें कोणी इंग्रज म्हणाला तर ‘मी विद्वत्तेचें सोंग करीत नाहीं’ असा त्याचा अर्थ नव्हे. ‘मी विद्वान् असल्याचा दावा करीत नाहीं’ असा तो विनयाचा उद्गार आहे. लहान मुलें भातुकली मांडून ‘मी राजा, तूं राणी’ म्हणतात, त्या निष्पाप खेळासाठीं हेंच क्रियापद वापरण्याची रीत तर त्या मानानें बरीच अलीकडची आहे.

आपल्या मराठींत या एका क्रियापदाचें काम करण्यास चारपांच शब्द आहेत. झोपेचें सोंग, भक्तीचें ढोंग, आजाराचा बहाणा, शहाणपणाचा आव, आणि तमाशांतली बतावणी. या प्रत्येकाची छटा निराळी. सोंग घेणें हें नेहमींच वाईट नसतें. दशावतारांत सोंगें असतात आणि ‘सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं’ असें आपण म्हणतों. ढोंगाला मात्र नेहमींच नांवें ठेवतात. पण या सर्व शब्दांत ‘दावा करणें’ हा अर्थ कोठेंच नाहीं. त्यासाठीं आपण दावेदार, हक्कदार, वारस असे अगदीं वेगळे शब्द ठेवले आहेत, आणि खोट्या दावेदारासाठीं ‘तोतया’ हा त्याहून वेगळा. इंग्रजाचें तसें नाहीं. खरा हक्कदार, संशयित हक्कदार आणि साफ खोटा तोतया या तिघांनाहि तो ‘प्रिटेंडर’ या एकाच पंक्तीला बसवितो.

त्या पंक्तींतले खरे तोतये प्रथम पाहूं. १४८५ सालीं सातवा हेन्री इंग्लंडच्या गादीवर आला. त्यानंतर दोनच वर्षांनीं लॅम्बर्ट सिम्नेल नांवाच्या एका सामान्य घरच्या मुलाला ‘हा वॉरिकचा अर्ल एडवर्ड’ असें सांगून कांहीं सरदारांनीं डब्लिन शहरीं राज्याभिषेक केला. खरा एडवर्ड लंडनच्या टॉवरमध्यें कैदेंत होता. हेन्रीनें त्याला बाहेर काढून लोकांना दाखविलें. १६ जून १४८७ रोजीं स्टोक येथें लढाई होऊन बंड मोडलें. सिम्नेल लहान मुलगा, दुसऱ्यांच्या हातांतलें बाहुलें. हें ओळखून हेन्रीनें त्याला मारलें नाहीं, राजवाड्याच्या मुदपाकखान्यांत मांस भाजण्याची सळई फिरविण्याच्या कामावर ठेवलें. त्याच्यामागून पर्किन वॉर्बेक आला. तो आपणांस यॉर्कचा ड्यूक रिचर्ड म्हणवीत असे. पुढें त्यानें आपण कोण याची कबुली दिली, आणि १४९९ सालीं त्याला फांशी झाली. हे दोघे मराठी अर्थानेंहि तोतये. येथें माझी तांबडी रेघ बरोबर ठरली असती.

आतां त्या उताऱ्यांतल्या मुलाकडे येऊं. दुसरा जेम्स १६८५ मध्यें राजा झाला. तो कॅथलिक पंथाचा आणि प्रजा बहुतांशीं प्रॉटेस्टंट. त्याच्या पहिल्या पत्नीच्या दोन मुली, मेरी आणि अ‍ॅन, प्रॉटेस्टंट होत्या. म्हणून ‘राजा म्हातारा होत आला, त्याच्यामागें मेरी येईल’ असें म्हणून लोक दिवस काढीत होते. अशांत १० जून १६८८ रोजीं दुसऱ्या पत्नीला मुलगा झाला. कॅथलिक राजाला कॅथलिक वारस मिळाला, आणि लोकांच्या आशेवर पाणी पडलें. लागलीच बोलवा उठली कीं हें मूल राणीचें नव्हेच. बिछाना ऊबदार करण्यासाठीं निखारे घालून फिरवितात त्या झांकणाच्या भांड्यांतून कोणाचें तरी मूल आंत आणून ठेवलें! वस्तुतः प्रसूतीच्या वेळीं त्या दालनांत दरबारच्या स्त्रीपुरुषांची दाटी होती. तरीहि बोलवा थांबेना. शेवटीं त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत राजानें आपल्या मंत्रिमंडळापुढें चाळीसाहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या घेवविल्या. साक्ष देणारांत दुसऱ्या चार्ल्सची विधवा राणी कॅथरिन हीहि होती. जिच्या लग्नांत पोर्तुगालनें मुंबई बेट आंदण दिलें तीच ही. राजाला आपल्या मुलाचें मूलपण साक्षीपुराव्यानें सिद्ध करावें लागलें, याहून मोठी नामुष्की कोणती?

आणि इतकें करूनहि उपयोग झाला नाहीं. नोव्हेंबरांत मेरीचा नवरा विल्यम हॉलंडहून फौज घेऊन उतरला. जेम्स फ्रान्सला पळाला, आणि १६८९ मध्यें विल्यम व मेरी सिंहासनावर बसलीं. विल्यमनें निघण्यापूर्वीं जो जाहीरनामा काढला त्यांत या तान्ह्या मुलाचा उल्लेख ‘प्रिटेंडेड’ युवराज असा होता. जन्माची चौकशी पार्लमेंटनें करावी असेंहि त्यांत म्हटलें होतें. पण राज्य हातीं आल्यावर ती चौकशी तशीच राहिली. आजचे इतिहासकार तो मुलगा राणीचाच होता असें मानतात.

१७०१ मध्यें जेम्स परदेशींच वारला, आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें त्या मुलाला इंग्लंडचा तिसरा जेम्स म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून कॅथलिकांना गादी कायमची बंद केली. विल्यमच्या मागून अ‍ॅन राणी झाली. १७०८ च्या मार्चांत हा एकोणीस वर्षांचा राजपुत्र फ्रेंच आरमारासह स्कॉटलंडच्या किनाऱ्याकडे निघाला. तें वर्तमान पार्लमेंटला सांगतांना अ‍ॅननें त्याला ‘द प्रिटेंडर’ म्हटलें, आणि तेव्हांपासून तेंच नांव लोकांच्या तोंडीं बसलें. ध्यानांत घ्या, अ‍ॅन ही त्याची सावत्र बहीण होती. त्याच्या जन्माच्या वेळीं ती बाथ येथें गेली होती, आणि तेव्हांपासूनच तिनें मेरीला पत्रें लिहून आपला संशय कळविला होता.

अ‍ॅनच्या तोंडचा हा शब्द किती सोईचा होता पाहा. ज्यांना तें निखाऱ्याच्या भांड्याचें प्रकरण खरें वाटे ते ‘प्रिटेंडर’ ऐकून ‘तोतया’ असें समजत. ज्यांना तें पटत नसे, पण कॅथलिक राजा नको असे, ते त्याच शब्दाचा ‘दावा सांगणारा’ असा अर्थ घेत आणि खोटें बोलल्याचें पाप टाळीत. तिकडे त्याचे पक्षपाती त्याला राजा जेम्स म्हणत. पण उघड म्हणण्याची सोय नसे. मेजवानींत राजाच्या नांवानें पेला उंचावण्याची वेळ आली म्हणजे ते आपला पेला पाण्याच्या भांड्यावरून नेत. तोंडानें ‘राजा’ म्हणत, आणि मनांत ‘समुद्रापलीकडचा राजा’ म्हणत. एका परीनें प्रिटेंडरच्या अनुयायांनाच असें ‘प्रिटेंड’ करावें लागे! १७१५ च्या बंडांत जेम्स स्वतः स्कॉटलंडांत येऊन थोड्याच आठवड्यांत परतला. १७४५ मध्यें त्याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड आला. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडन येथें त्याचा मोड झाला. तेव्हां बापाला ‘ओल्ड’ आणि मुलाला ‘यंग’ अशीं विशेषणें लागलीं. ओल्ड प्रिटेंडर १७६६ मध्यें रोम शहरीं वारला. चौसष्ट वर्षें त्यानें राजेपणाचा दावा सांगितला, आणि शेवटीं दाव्याचेंच नांव त्याचें नांव होऊन बसलें.

श्रोते हो, हें सारें वाचीत असतांना मला आपल्या इतिहासांतलें तेंच साल आठवलें. १७०८ च्या मार्चांत अ‍ॅन राणी हें भाषण करीत होती. त्याच्या दोनच महिने आधीं, १२ जानेवारी १७०८ रोजीं, साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. आणि या शाहूंवरहि तोतयेपणाचा आरोप झालेला होता!

संभाजी महाराजांचे हे पुत्र १६८९ मध्यें रायगड पडला तेव्हां मोंगलांच्या हातीं सांपडले. त्या वेळीं त्यांचें वय सात वर्षांचें. औरंगजेब वारल्यावर १७०७ मध्यें ते सुटून आले तेव्हां पंचवीस वर्षांचे झाले होते. सात वर्षांचा मुलगा अठरा वर्षांनीं परत आला तर त्याला ओळखावें कोणीं? राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई तेव्हां आपल्या मुलाच्या नांवानें राज्य चालवीत होत्या, आणि मोंगलांशीं त्या शौर्यानें झुंजल्या होत्या. त्यांनीं दोन मुद्दे मांडले. पहिला, हा शाहू नव्हेच, तोतया आहे. दुसरा, खरा असला तरी संभाजी महाराजांचें राज्य बुडालें. आजचें राज्य राजाराम महाराजांनीं नव्यानें मिळविलें, त्यावर याचा हक्क नाहीं. इंग्लंडांत जेम्सच्या मुलाविरुद्ध हेच दोन मुद्दे नव्हते काय? मूल खोटें, आणि खरें असलें तरी कॅथलिक, म्हणून हक्क नाहीं. एक मुद्दा माणसाविषयीं, दुसरा हक्काविषयीं. दोन देशांचा एकमेकांशीं संबंध नाहीं, पण राजकारणाची बुद्धि एकच.

पुरावा मात्र प्रत्येकानें आपापल्या चालीप्रमाणें दिला. तिकडे जबान्या घेतल्या. इकडे परसोजी भोसल्यांनीं शाहू महाराजांबरोबर एका ताटांत जेवून ते खरे असल्याची लोकांची खात्री पटविली, असें सांगतात. धनाजी जाधव ताराबाईंच्या बाजूनें लढावयास आले होते. महाराज खरे असें पटल्यावर तेहि शाहूंना मिळाले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं खेडच्या लढाईंत शाहूंचा जय झाला, आणि ‘तोतया’ हा शब्द त्यांच्या अंगावरून गळून पडला. आज शाळेंतल्या पुस्तकांत तो शब्द त्यांच्या नांवाशेजारीं कोणाला दिसत नाहीं. समजा, खेडला उलट झालें असतें, तर? मग कदाचित् मीच वर्गांत ‘शाहूच्या तोतयाचें बंड’ शिकविलें असतें, आणि शंका काढणाऱ्या मुलाला खालीं बसविलें असतें.

या शब्दाचा आणखी एक फेरा ऐका. १७४९ मध्यें शाहू महाराज वारले, तेव्हां ताराबाईंनींच आपला नातू म्हणून रामराजांना पुढें आणलें, आणि ते छत्रपति झाले. वर्ष उलटतें न उलटतें तोंच दोघांचें बिनसलें. नोव्हेंबर १७५० मध्यें ताराबाईंनीं त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेंत टाकलें, आणि १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबासमोर शपथ घेऊन ‘हा माझा नातू नव्हे’ असें सांगितलें. पण राज्याची सूत्रें तोंवर पेशव्यांच्या हातीं गेलीं होतीं, आणि त्यांना छत्रपति बदलण्याची गरज नव्हती. देवासमोरची शपथ होऊनहि रामराजे १७७७ मध्यें मरण पावेपर्यंत छत्रपतिच राहिले.

खरा तोतया आपल्याकडे झाला नाहीं असें नाहीं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पडले. पण अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. त्याच श्रद्धेचा फायदा घेऊन एक मनुष्य भाऊ म्हणून पुढें आला. त्याला पकडून रत्नागिरीस कैदेंत ठेवलें होतें. १७७६ मध्यें तो सुटला, कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं गेले, फौज जमली आणि पुणें दरबार घाबरून गेला. अखेर आंग्र्यांनीं त्याला पकडून दिलें, आणि त्याच वर्षीं पुण्यांत त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचें बंड’ या नाटकामुळें ही कथा मराठी घरोघर पोंचली. सिम्नेल आणि वॉर्बेक यांच्या पंक्तीला हा आपला भाऊचा तोतया बसतो. पण जेम्सचा मुलगा त्या पंक्तींतला नव्हे. त्याची जागा, खेडला हरले असते तर जे शाहू महाराज झाले असते, त्यांच्याशेजारीं आहे.

यावरून भाषांतर करणारानें काय घ्यावें? इंग्रजी पुस्तकांत ‘प्रिटेंडर’ हा शब्द आला म्हणजे लगेच ‘तोतया’ लिहूं नये. तो मनुष्य दुसऱ्याचें नांव घेऊन आला होता काय, हें आधीं पाहावें. आला असेल तर तोतया म्हणावें. आपल्याच नांवानें, आपल्याच बापाची गादी मागत आला असेल, तर ‘हक्क सांगणारा’ म्हणावें. त्याचा हक्क आपणांस मान्य नसला तरीहि. कारण मराठी शब्द इंग्रजी शब्दापेक्षां येथें अधिक कठोर आहे. इंग्रजी शब्द निकाल राखून ठेवतो. ‘तोतया’ हा शब्द निकाल देऊन मोकळा होतो. आणि हा निकाल पुष्कळदां पुराव्यानें दिलेला नसतो, लढाईनें दिलेला असतो.

हें सर्व मला कळलें तें सेवानिवृत्त झाल्यावर, एका वाचनालयांत मोठा इंग्रजी शब्दकोश चाळतांना. ‘प्रिटेंड’च्या खालीं ‘दावा करणें’ हा अर्थ पाहिला, आणि तो मुलगा डोळ्यांपुढें उभा राहिला. मीं त्याला शब्दकोश पाहा म्हणून सांगितलें होतें. पाहावयास मात्र मींच हवा होता. त्याच्या उत्तरांत चूक नव्हती. त्यानें उतारा नीट वाचला होता, बाप कोण आणि मुलगा कोण हें ध्यानांत ठेवलें होतें, आणि शब्दापेक्षां गोष्टीवर अधिक विश्वास ठेवला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याकडून याहून अधिक काय अपेक्षावें? उलट, ठाऊक नसतां ठाऊक असल्याचा आव मीं आणला. त्या दिवशीं वर्गांत ‘प्रिटेंड’ या क्रियापदाचा जो अर्थ मी शिकवीत होतों, त्याचें उदाहरण मी स्वतःच होतों.

तो मुलगा आज मोठा गृहस्थ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडेल कीं नाहीं कोण जाणे. पडलें, तर त्याचा अर्धा गुण आज मी त्याला जाहीरपणें परत देत आहें. आणि आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलानें पुस्तकांतल्या शब्दाला शंका काढली, तर त्याला खालीं बसवूं नये. आपणच उठून शब्दकोश काढावा, आणि दोघांनीं मिळून पाहावा.